तानाबाईच्या हातावरची मेंढी

मित्रांनो, टोक झिजून बोथट झालेला आणि अंगावर उभी चीर गेलेला मी एक बोरू आहे. बरूच्या कांडीला तिरका छेद दिला की आमची लेखणी होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या मनातले उतरवले. स्वतःचे सांगण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मोहोळजवळ, सीना नदीच्या काठी झाला. कल्लप्पांनी मला तिथून कापून सोलापुरात भवानी पेठेत आणले. ते कापडाच्या दुकानात मुनीम होते. त्यांनी चाकूने मला टोक काढले आणि पुढे कित्येक वर्षे मी त्यांच्या कानावर ऐटीत बसलो. लोक त्यांच्या मोडी अक्षराचे कौतुक करीत. त्यातले थोडे माझेही असावे, असे मला उगाच वाटे. मग दुकानात लोखंडी निबाचे टाक आले आणि मी घरच्या कोनाड्यात पडलो.

तिथून मला त्यांच्या मुलीने, दाक्षायणीने उचलले. तिचा हात सतत काहीतरी काढत असे. त्या काळी गोंदण म्हणजे मुलींचा जन्मभराचा दागिना. गोंदणारी बजाबाई पेठेत यायची, मुलीचा हात काखेत घट्ट धरायची आणि पाठ असलेली नक्षी सुईने टोचत जायची. दाक्षायणीने आपल्या मैत्रिणींसाठी वेगळीच रीत काढली. ती मैत्रिणीला समोर बसवी, काजळ पाण्यात कालवी, मला त्यात बुडवी आणि हातावर आधी नक्षी रेखाटी. बजाबाईने फक्त रेघांवर सुई चालवायची. पहिल्या दिवशी बजाबाईने नाक मुरडून विचारले होते, हात म्हणजे काय शाळेची पाटी हाय व्हय? पण लवकरच तीच दारातून हाक मारू लागली, "दाक्षे, आज कुणाचं काढलंयस गं?" कमळे, चांदण्या, ठिपक्यांच्या वेली. ते दिवस आठवले की आजही माझे टोक ओले झाल्यासारखे वाटते.

शेजारच्या खोलीतली तानाबाई ही दाक्षायणीची जिवाभावाची मैत्रीण. ती धनगराची लेक. दुष्काळात मेंढरे विकून तिचे आईवडील सांगोल्याकडून गिरणीत कामाला आले होते. तिचे लग्न कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या मुलाशी ठरले. तिने हट्ट धरला की तिला तुळसही नको, कमळही नको. विकून टाकलेल्या कळपातली तिची लाडकी मेंढी हवी. बजाबाई हसली, कारण मेंढी तिने आजवर कुणाला गोंदली नव्हती. दाक्षायणीने मात्र जीव ओतून काढली. कुरळी लोकर, लोंबते कान, बारीक पाय. माझ्या टोकातून उतरलेली ती सर्वांत सुंदर नक्षी असावी. बजाबाईने रेघ न रेघ टोचली.

रक्त पुसून हळद लावल्यावर तानाबाईने हात आपल्यापुढे धरून पाहिला, आणि मान वाकडी करून पुन्हा पाहिला. समोर बसलेल्या दाक्षायणीला मेंढी उभी दिसत होती. तानाबाईला ती पाठीवर पडलेली, पाय आभाळाकडे केलेली दिसत होती. कमळ किंवा चांदणी कुठूनही पाहिली तरी सारखीच, त्यामुळे ही चूक तोवर कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

धनगराच्या घरात याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. उताणी पडलेली मेंढी पुष्कळदा आपली आपण उठू शकत नाही. कुणी वेळेवर उठवली नाही तर ती मरते. तानाबाईची आई फुलाबाई कपाळाला हात लावून खाली बसली.

"लगीन तोंडावर आलंय, अन् हातावर मेलेली मेंढी? सासरची मानसं काय म्हनतील? आता हे पुसायचं कशानं?"

गोंदण पुसता येत नाही. फुलाबाईने लेकीच्या हाताला चिंधी बांधली. दाक्षायणीने मला पुन्हा कोनाड्यात ठेवले आणि शेजारी जाणे सोडले. मांडव सजला, वाजंत्री वाजली, तरी ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. माझ्यावर धूळ बसत होती, पण त्याचे मला दुःख नव्हते. ती मैत्रिणीला न भेटताच राहील, ही मला धास्ती होती.

सासरी निघण्याआधी तानाबाई स्वतःच आमच्या घरात आली. अंगावर नवे लुगडे होते. हातावर चिंधी नव्हती.

"दाक्षे, मला तोंडबी दावणार न्हाईस व्हय?"

दाक्षायणी मान खाली घालून पुटपुटली की मी तुझ्या हाताची माती केली. तानाबाई तिच्या समोर बसली आणि तिने हात लांब केला.

"बघ. तुला कशी दिसती?"

"उभी."

"मग सासरच्यांनाबी उभीच दिसंल की. आईला त्येच सांगून आलीया. मला दिसू दे उलटी. उलटी दिसली की ध्यानात यील, काढताना म्होरं तू बसली हुतीस."

दाक्षायणी हसली की रडली, हे मला नक्की सांगता येत नाही. कोनाड्यातून तिची पाठच दिसत होती.

त्यानंतर तिने मला पुन्हा हाती घेतले, पण आता नक्षी काढताना ती मैत्रिणींच्या समोर नाही, शेजारी बसे. पुढे मुलींना गोंदणाची लाज वाटू लागली. काजळ वाळले, मी चिरलो. मित्रांनो, घरात एखादी अशी निरुपयोगी कांडी सापडली, तर फेकण्याआधी तिने काय काय काढले, हे कुणा जाणत्याला विचारा. आणि तुमच्या हातून मैत्रिणीचे काही बिघडले, तर भिंतीकडे तोंड करून बसू नका.

लग्नानंतर काही वर्षांनी तानाबाई माहेरी आली, तेव्हा तिची लहानगी लेक तिच्या समोर बसली होती. मुठीतले गवत ती आईच्या हातावरच्या मेंढीला भरवत होती. तिच्या बाजूने मेंढी चांगली उभी होती.