पान ३८८चा खालचा अर्धा भाग

मावशीचं दुकान वाचलं.

आता हे वाक्य विसरा. दुकान वाचलेलं नाही, शुक्रवार उजाडलेलाच नाही. गुरुवारचे सव्वादोन झालेत. वकिलांच्या ग्रंथालयात नऊ जण कायदेशीर संशोधनाच्या प्रगत वर्गाला बसलेत आणि शेवटच्या बाकाखाली एक पाय असा काही हलतोय, की पुढच्याचं पेन दोनदा घरंगळलंय.

पाय तळटीपेचा होता. तळटीप म्हणजे वकिलीत तीन वर्षं काढलेली एक मुलगी. ऑफिसात तिला हे नाव पडलं, कारण उंची बेताची आणि बोलायची ती सगळ्यांच्या शेवटी, बारीक आवाजात. तिला आयुष्यातला पहिला स्वतःचा खटला मिळाला होता आणि तोही घरचाच. मावशीचं शिवणकामाचं दुकान. भाडेकरार काकांच्या नावावर. काका वारले, तेव्हा मालक म्हणाला, करारही त्यांच्याबरोबर गेला, आता मशिनंही जाऊ द्या. मावशी काकांच्या शेजारी बसून तीस वर्षं शिवत होती, हे त्याच्या हिशेबी नव्हतंच. सुनावणी उद्या, अकरा वाजता.

वर्ग घेणाऱ्या ग्रंथपाल बाईंना सगळे पुरवणीबाई म्हणत. कुणी काहीही शोधून आणलं, की चष्म्यावरून बघत त्यांचा एकच प्रश्न: "पुरवणी पाहिली का?" त्यांना लग्नाची पत्रिका दिली तरी त्या आधी मागची बाजू बघत.

सकाळी त्यांनी छापील शिकवलं होतं. विषयसूची, मग निकालांचे खंड, मग नंतरचे बदल सांगणारी पुरवणी आणि कधीही न विसरता समास. एखादा निर्णय पुढे फिरवला गेला, की ग्रंथपालाने जुन्या खंडातल्या त्या पानाच्या समासात कागदाची पट्टी चिकटवायची, हा इथला शिरस्ता. दुपारी संगणक. तळटीपेने 'भाडेकरू' टाइप केलं आणि चौदा हजार निकाल आले.

"याला शोध नाही म्हणत, मोर्चा म्हणतात," पुरवणीबाई म्हणाल्या.

मग तिने शब्दाला शब्द जोडले, वर्षं छाटली, विषय आवळला. चौदा हजारांचे अकरा झाले आणि त्यातल्या सातव्याने तिचा पाय थांबवला. खंड १७, पान ३८८. भाडेकरूबरोबर जो धंदा चालवत होता, त्याला भाडेकरूच्या मागे जागेतून काढता येत नाही. शेजारी हिरवी खूण, म्हणजे निर्णय शाबूत.

"पुरवणी पाहिली का?"

तळटीप उठली, कपाटातून खंड १७ काढला, पान ३८८ उघडलं. समासात पट्टी. पिवळी पडलेली, पण अक्षर ठणठणीत: 'हा निर्णय फिरवला. पाहा खंड ४१, पान २१२.'

आता दोन्ही पाय हलायला लागले.

"पण बाई, संगणकावर तर हिरवी खूण आहे!"

"त्याच्याकडे चाळीसपर्यंतचे खंड आहेत आणि पंचेचाळीसच्या पुढचे. मधले 'लवकरच'. त्या लवकरचला सहा वर्षं झाली. जे त्याने वाचलंच नाही, त्यात काय लिहिलंय ते तो कसं सांगेल? हिरवी खूण म्हणजे 'सगळं ठीक' असं नाही गं. 'मला तरी काही दिसलं नाही', एवढंच."

तळटीपेने पान पुन्हा पाहिलं. वरच्या अर्ध्यात बोटीच्या विम्याचा कुठला तरी निर्णय संपत होता. खालच्या अर्ध्यात मावशीच्या कामाचा सुरू होत होता. पट्टी बरोब्बर मधोमध.

"बाई, ही वरच्याची की खालच्याची?"

पुरवणीबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. "अक्षर माझं. गोंद माझा. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं." मग चष्मा काढत म्हणाल्या, "कुणाची ते आठवत नाही."

"उद्या समोरचा वकील हीच पट्टी न्यायाधीशांच्या नाकासमोर धरेल!"

"म्हणून तर खंड ४१ बघायचा."

"कुठाय तो?"

बाईंनी नोंदवही उघडली. खंड ४१ एका निवृत्त न्यायाधीशांनी आठवड्यासाठी नेला होता. नऊ वर्षांपूर्वी. बाईंनी सव्वीस स्मरणपत्रं पाठवली होती आणि सव्वीस वेळा एकच उत्तर आलं होतं: 'विचाराधीन.'

न्यायाधीशांच्या घरी जायला तळटीपेला बसची वाट बघवेना, म्हणून ती चालत निघाली. चालवेना, म्हणून धावली. दुसऱ्या थांब्याजवळ बसने तिला गाठलं, तेव्हा ती चढली आणि रिकामी जागा असूनही दारातच उभी राहिली, जणू तिच्या उभं राहण्याने बस लवकर पोचणार होती.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडणारे गृहस्थ घरातही कोट घालून होते. खंड ४१ शोधावा लागलाच नाही. लिहायच्या टेबलाच्या डाव्या पायाखाली तो निमूट पडला होता.

"सर, यातलं एक पान बघायचंय. आणि उद्यापुरता हा खंड कोर्टात न्यायचाय."

"काढला तर टेबल डुलेल."

"सर, एका दिवसाचा प्रश्न आहे."

"दुसऱ्या पक्षाचं ऐकल्याशिवाय मी आदेश देत नाही." त्यांनी खरोखर टेबलाकडे पाहिलं. टेबल काही बोललं नाही. "पुढची तारीख घ्या."

"पुढची तारीख नाहीये, सर! उद्या अकरा वाजता माझ्या मावशीचं दुकान जाईल."

न्यायाधीशांनी कोटाचं बटण लावलं, काढलं, परत लावलं. "तेवढ्याच जाडीचं दुसरं काही आणा. मग बघू."

तळटीपेने जिन्यात जाऊन फोन लावला. "मावशी, टेप घेऊन ये."

"कुणाचं माप घ्यायचंय?"

"टेबलाच्या पायाचं."

पलीकडे मशिन थांबल्याचा आवाज आला. "वकिली सोडलीस का गं?"

पण मावशी आली. गळ्यात टेप, काखेत चिंध्यांची पिशवी. तिने आधी खंडाची जाडी मोजली: सव्वादोन इंच. मग, काम हातात घेतलं की अर्धवट सोडायची सवय नसल्यामुळे, टेबलाचे चारही पाय मोजले. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"साहेब, पाय चारही सारखेच आहेत. तुमची जमीन उतरती आहे."

न्यायाधीशांनी आधी टेबलाकडे, मग जमिनीकडे पाहिलं. नऊ वर्षं ते टेबलाला दोषी धरून बसले होते.

"या निष्कर्षावर अपील?" त्यांनी हळूच विचारलं.

"अहो, कसलं अपील! त्या बाजूने उचला जरा."

न्यायाधीशांनी उचललं. मावशीने चिंध्या ठासून सव्वादोन इंचांची गादी शिवली, तोवर तळटीप जमिनीवर उकिडवी बसून पान २१२ शोधत होती. पानं एकमेकांना चिकटली होती. नखाने सोडवताना ती आकडे पुटपुटत होती. २१०. २११. मग पहिली ओळ: 'बोट बंदरात बांधलेली होती, समुद्रात नव्हती, सबब विम्याबाबतचा पूर्वीचा निर्णय चुकीचा होता.'

पट्टी वरच्याची होती. बोट बुडाली, मावशी तरंगली.

"काय गं, रडतेस कशाला?" मावशीने विचारलं.

"धूळ," तळटीप म्हणाली. पाय अजून हलतच होता.

शुक्रवारी समोरच्या वकिलाने पट्टीचा फोटो दाखवायला खिशात हात घातला, तेवढ्यात तळटीप दोन्ही खंड उघडून उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी बोलली. पुढे काय झालं ते आपण विसरायचं ठरवलंय.

सोमवारी पुरवणीबाईंनी पट्टी सोडवून अर्धं पान वर चिकटवली आणि खंड ४१ नऊ वर्षांनी आपल्या जागी ठेवला. मंगळवारी अर्ज आला:

'मा. ग्रंथपाल यांस. विषय: खंड ४१चा ताबा. महोदया, शिवून मिळालेली गादी चार दिवसांत दबली असून टेबल पुन्हा डुलत आहे. सदर खंडाने सदर टेबलाबरोबर सलग नऊ वर्षे एकाच जागी काम केले आहे. सबब खंड १७, पान ३८८ (खालचा अर्धा भाग) यातील तत्त्वानुसार खंड ४१ यास टेबलाखालील जागेतून काढता येत नाही, असे जाहीर करून तो तेथे पूर्ववत ठेवण्यात यावा. आणि या अर्जाचा निकाल लागेपर्यंत जमिनीने आणखी उतरू नये, असा तात्पुरता मनाई आदेश जमिनीविरुद्ध देण्यात यावा, ही विनंती.'