खोली तेवढीच

विनताबाईंनी खडू इतका दाबला की त्याचे दोन तुकडे झाले.

"सहा माणसं एका खोलीत बसून दहा दिवसांत पेट्या भरतात. तेच काम एका दिवसात हवंय. माणसं किती?"

"साठ!" अख्खा वर्ग ओरडला.

"बरं. आता त्या साठांना त्याच खोलीत बसवा."

पुढच्या बाकावरच्या हेमलताने वही मिटून टाकली. गणित सुटलं, आता बसवायचं काय? बाईंची स्वतःची लेक बेबी शरमेनं लाल होऊन खिडकीकडे बघत बसली. लढाईच्या ब्लॅकआउटसाठी काचांवर काळा कागद डकवलेला, त्यात दिसणार काय होतं?

"अगं, विचारा ना कुणीतरी काही! विचारलं तर मार्क कापत नाही मी."

"बाई," हेमलता म्हणाली, "उत्तर साठच लिहायचं ना?"

विनताबाईंना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं. शाळा सुरू झाल्यापासून हेच! पोरी रीत घोकायच्या, फटाफट उत्तर फेकायच्या, आणि आपण काय बोललो याचा विचार करायची म्हणाल तर एकीची तयारी नाही. वर मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका भानुमतीबाईंचं बोलावणं.

"विनता, पालक तक्रार करून राहिले. आधीच लढाईचे दिवस. रीत शिकव, उत्तर घे, आगे चलो."

"पण बाई, उत्तर खरं होऊ शकतं का, ते तरी—"

"बोर्डाच्या पेपरात खोली विचारत नाहीत."

उद्यापासून खोलीबिली बंद, असा शब्द देऊन विनता बाहेर पडली. घरी येताना बेबी मुद्दाम पुढं पुढं चालत होती.

"आई, तू काहून असे उलटे प्रश्न विचारते? सगळ्या हसतात मला."

ओरडू नये म्हणून विनताने पावलं झपाझप उचलली.

अंधार पडायच्या आत जेवणं उरकायची होती. मोहन, तिचा नवरा, कारखान्यात बारूद भरायच्या कामावर होता. आज कधी नव्हे तो खुशीत दिसला.

"उद्यापासून ओव्हरटाइम बंद. आमच्या खोलीत सहाच्या जागी बारा माणसं बसवून राहिले. काम निम्म्या वेळात."

"कुणी ठरवलं?"

"नवीन साहेबांनी. हिशेब बरोबर आहे ना? तूच सांग, तू गणितवाली."

हिशेब बरोबर होता. विनता पोळी वाढायची विसरली.

बेबीने ताटावरून मान वर केली.

"बाबा, खोली तेवढीच आहे?"

"तेवढीच."

"मग बारूद डबल ठेवणार?"

"ठेवावीच लागेल ना."

"आणि दारं?"

मोहनचा घास हातातच राहिला.

"एक," तो म्हणाला.

ज्या प्रश्नासाठी विनता दिवसभर तडफडली, तो आता समोर येऊन बसला होता. देवा, तिला वाटलं, हे नुसतं पुस्तकातलं गणित असू दे.

"मग साहेबांना विचारा ना," बेबी म्हणाली. "विचारलं तर मार्क नाही कापत."

"तिथं कापतात, बेटा."

तरी सकाळी मोहन लवकर निघाला. साहेब आत जायच्या आधी त्याला फाटकाशी गाठायचं होतं.

शाळेत विनताने फळ्यावर मोठी खोली काढली. एकच दार काढलं. मग खडू बेबीच्या हातात दिला.