राहून राह्यली

पुण्याहून परत आलेल्या संहितेत एकच दुरुस्ती होती. एकशे चार पानांवर कुठेही पेन टेकलेले नव्हते. फक्त शेवटच्या पानावर, नायिकेच्या शेवटच्या वाक्यातला एक शब्द लाल शाईने खोडला होता, एक बदलला होता आणि समासात नेटक्या अक्षरात कारण दिले होते : 'क्रियापद चुकून दोनदा टंकित झाले आहे.'

मूळ वाक्य होते, "मी राहून राह्यली." दुरुस्त वाक्य होते, "मी राहिले."

समीक्षाने ते पान दोनदा वाचले. रागाआधी तिला कुतूहल वाटले. ही तिची जुनी खोड. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी चिखलीच्या एका महाविद्यालयात तिने नऊ वर्षे भौतिकशास्त्र शिकवले होते, आणि प्रयोग फसला की मुलांवर ओरडण्याआधी उपकरण तपासायचे हा तिथला तिचा नियम होता. इथे उपकरण म्हणजे क्रियापद. वऱ्हाडात 'राहून राह्यली' म्हणजे राहते आहे. या क्षणी राहते आहे, पुढच्या क्षणीही राहत असेन, तुम्हाला काय करायचे ते करा. 'राहिले' म्हणजे राहून झाले. किंवा त्याहून वाईट : सगळे गेले, गाडी सुटली, मी तेवढी मागे राहिले. लाल शाईच्या दोन रेघांनी ठाम उभी असलेली बाई ताटकळलेली बाई झाली होती.

आणि चित्रपट काढला होता तो त्या उभ्या बाईसाठीच.

मूळ चित्रपट अमेरिकेचा, घोड्यांचा आणि बंदुकांचा, साठेक वर्षांपूर्वीचा. गुरांच्या कळपांचा एक धनी एका विधवेचा ओढा बळकावू पाहतो. तिच्या वतीने एक अनोळखी घोडेस्वार लढतो. शेवटी धनी हरतो. जगभर नावाजलेल्या त्या चित्रपटात घोडेस्वार धन्याच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणतो, "ही इथून जात नाही." समीक्षाला चित्रपट पाठ होता. पुढे तिने तो ज्या कादंबरीवर बेतला होता ती मिळवून वाचली, तेव्हा तिला कळले की कादंबरीत हे वाक्य घोडेस्वाराचे नाहीच. ते विधवेचे आहे, आणि ती स्वतःबद्दल बोलते. चित्रपटाने ते तिच्या तोंडून काढून घेतले होते आणि तिला मागे दारात, पदराशी चाळा करावा तसा एप्रनशी चाळा करत उभी केली होती. चोरीचा माल मालकिणीला परत करायचा, एवढ्यासाठी समीक्षाने तो चित्रपट नव्याने करायला घेतला.

अमेरिकेचा ओढा अमडापूरच्या शिवारात विहीर झाला आणि कळपांचा धनी तीन ट्रॅक्टरांचा बागायतदार. घोडे मात्र घोडेच ठेवायचे होते. त्यासाठी चिखलीहून दोन आणले. पण ते होते वरातीचे. मागच्या रस्त्यावर कुणीतरी ट्रॅक्टरचा संगीतमय भोंगा वाजवला आणि दोन्ही घोडे, पाठीवरच्या क्रूर खलनायकांसह, ताल धरून नाचू लागले. विहिरीपर्यंत ते नाचतच आले. दुसऱ्या दिवसापासून खलनायक मोटारसायकलवर बसले.

विधवेच्या भूमिकेसाठी समीक्षाने चौदा नट्या पाहिल्या आणि अखेर अन्नपूर्णाबाईंना घेतले. अन्नपूर्णाबाई अमडापूरच्याच, पन्नाशी ओलांडलेल्या, दीड एकरात भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात विकणाऱ्या. अभिनय त्यांना येत नव्हता. उभे राहणे येत होते. चौदा नट्यांपैकी एकीलाही ते जमले नव्हते. त्या उभे राहिल्याचा अभिनय करत.

दुरुस्त पानामागोमाग इंद्रभान स्वतः आला. मूळ पिंपळगाव राजाचा. अठरा वर्षांपासून पुण्यात, चित्रपट विकत घेऊन लोकांच्या फोनवर दाखवणाऱ्या एका कंपनीत. त्याच्या बोलण्याला आता इस्त्री होती.

"गैरसमज नको, मॅडम," तो म्हणाला. "बोली आम्हाला हवीच आहे. विनोदी पात्रांना खुशाल ठेवा. पण हे नायिकेचं शेवटचं वाक्य आहे. तिथे हशा पिकला की चित्रपट पडला."

"हशा पिकतो हे कशावरून?"

"चाळीस जणांना दाखवला. सत्तावीस हसले."

"ध्वनिमुद्रण आहे?"

होते. समीक्षाने ते कानाला लावून पाच वेळा ऐकले. हसू वाक्याच्या आधी सुरू झाले असेल, एखाद्या खलनायकाच्या मिशीला असेल, कुणाच्या तरी फोनला असेल अशी तिची आशा होती. आशेने पुरावा बदलत नाही. वाक्य संपल्यावर अर्ध्या सेकंदात हसू सुरू होत होते आणि पाच सेकंद टिकत होते. तिने कानावरचे यंत्र काढून ठेवले.

"हसले," ती म्हणाली. "वाक्यालाच हसले."

इंद्रभानचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर. पुण्यात एक फार गुणी अभिनेत्री आहे. तिच्या आवाजात बाईंचं सगळं पुन्हा मुद्रित करून घेऊ."

"सगळं?"

"एकच वाक्य वेगळ्या आवाजात कसं चालेल? चेहरा बाईंचाच राहील ना."

"इंद्रभानभाऊ, लोक हसले हे निरीक्षण झालं. बाईचा आवाज काढून टाका हा निष्कर्ष झाला. मधली पायरी दाखवा."

"मधली पायरी म्हणजे सोमवार," इंद्रभान शांतपणे म्हणाला. "तोवर दुरुस्त प्रत आली नाही, तर कंपनी चित्रपट घेणार नाही."

ही बातमी अन्नपूर्णाबाईंपासून लपवणे समीक्षाला शक्य नव्हते. आवाज त्यांचा होता. त्या मळ्यात कोथिंबिरीच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत सांबाराच्या, जुड्या बांधत होत्या. समीक्षा वाफ्याच्या कडेला बसली आणि तिने सगळे सांगितले.

"किती लोक होते म्हन्लं?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

"चाळीस. सत्तावीस हसले, काकू."

"मंग तेरा चूप होते ना."

"होते."

"पन हसले काऊन? म्या काही वंगाळ बोलली काय?"

"नाही हो. त्यायले आपलं बोलनं गावंढळ वाटते."

अन्नपूर्णाबाईंनी जुडीला गाठ मारली आणि ती टोपलीत टाकली. चेहऱ्यावर अपमान नव्हता. बाजारभाव ऐकावा तसे त्यांनी ते ऐकून घेतले होते.

"त्या शेषरावच्या घरी सून आली ना पुन्याची," त्या म्हणाल्या. "पयल्यांदा बजारात आली तं मी म्हन्लं, घे बाई, सांबार ताजा हाय. तं ते पाह्यते इकडं तिकडं. मले म्हन्ते, गरम आहे का? आन् इडली कुठंय?"

समीक्षा हसली.

"तुह्या सारखीच हसली ते, समजल्यावर. अशी हसली, अशी हसली का डोळ्यातून पानी. सारा बजार पाहून राह्यला. म्या काय केलं सांग."

"काय केलं?"

"काहीच नाही. जुडी धरून उभी राह्यली, अशी, हात पुढं करून. मानूस हसून हसून किती हसते? दम लागते ना त्याले. हसनं सरलं तिचं, मंग पाह्यलं तिनं. मी तं तिथंच होती. घेतली गुपचूप जुडी. आता दर बजाराले येते आन् सांबारच म्हन्ते."

समीक्षा क्षणभर त्यांच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहत राहिली. मग ती उठली आणि तडक घराकडे निघाली. "च्या तं पेऊन जाय वं," ही मागून आलेली हाक तिला ऐकू आली नाही.

चूक तिचीच होती, आणि ती मोजता येण्याजोगी होती. वाक्यानंतर तिने अन्नपूर्णाबाईंना पडद्यावर दोन सेकंद ठेवले होते आणि लगेच परत फिरणाऱ्या मोटारसायकली दाखवल्या होत्या. हसू पाच सेकंदांचे. म्हणजे प्रेक्षकांचा दम संपून ते पडद्याकडे बघेपर्यंत बाई तिथून गेलेली असे. 'मी राहते आहे' असे सांगून जी दोन सेकंदांत निघून जाते, तिला लोक हसले यात लोकांचा दोष कितपत धरावा?

तिने मूळ चित्रीकरण उघडले. त्या दिवशी वाक्य झाल्यावर ती 'कट' म्हणायला विसरली होती, आणि कुणी सांगितले नाही म्हणून अन्नपूर्णाबाई हलल्या नव्हत्या. पूर्ण अकरा सेकंद त्या विहिरीच्या काठावर उभ्या होत्या. वाऱ्याने पदर हलत होता. बाकी काही नाही. समीक्षाने अकराच्या अकरा सेकंद चित्रपटात घातले. वाक्याला हात लावला नाही.

इंद्रभानने ती प्रत तिच्याच घरी बसून पाहिली.

"अकरा सेकंद?" तो म्हणाला. "अहो, यात काहीच घडत नाही."

"घडतं. ती राहून राह्यली आहे."

त्याने कपाळ चोळले. "ठीक. नवे चाळीस लोक, एक शेवटची चाचणी. पण लोक हसतच राहिले तर आवाज बदलायचा. कबूल?"

"नाही."

"मग चाचणी कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. ज्या प्रयोगाच्या निकालाने निर्णय बदलणार नाही तो प्रयोगच नव्हे, हे समीक्षानेच नऊ वर्षे फळ्यावर लिहिले होते.

"चाचणी तुमच्या कंपनीसाठी आहे," ती म्हणाली. "माझा निर्णय आधीच झालाय, आणि तो मी प्रयोग म्हणून खपवत नाही. ते वाक्य एकदा त्या बाईच्या तोंडून काढून घेतलं गेलं, अमेरिकेत. दुसऱ्यांदा ते अमडापुरात घडणार नाही. तुम्ही घेतलात तर तुमच्या फोनवर दाखवा. नाही घेतलात तर मी आठवडी बाजारात पडदा लावीन."

"बाजारात फार तर पाचशे लोक येतील."

"पाचशेच्या पाचशे लोकांना क्रियापद कळतं."

इंद्रभानने प्रत बॅगेत ठेवली.

सोमवारी सकाळी त्याने पाठवलेले ध्वनिमुद्रण आले तेव्हा समीक्षा मळ्यातच होती. तिने कानातल्या दोन बोंडांपैकी एक अन्नपूर्णाबाईंच्या हातात दिले. चिखलाचे हात पदराला पुसून त्यांनी ते कानात बसवले.

अन्नपूर्णाबाईंचाच आवाज आला : "मी राहून राह्यली."

हसू आले. तसेच, तेवढेच, अर्ध्या सेकंदात. समीक्षाने घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवली. तिसऱ्या सेकंदाला कुणीतरी ते वाक्य नक्कल करून म्हटले आणि आणखी हसू आले. पाचव्या सेकंदाला हसू विरळ झाले. सहाव्याला एकच माणूस हसत होता, आणि आपण एकटेच हसतो आहोत हे त्याला कळल्याचेही ऐकू आले. सातव्याला एक खुर्ची करकरली. आठ. नऊ. चाळीस माणसांच्या दालनात विहिरीवरचा वारा स्पष्ट ऐकू येत होता. दहा. अकरा. मग मोटारसायकली सुरू झाल्या आणि परत फिरल्या.

"सरलं काय?" अन्नपूर्णाबाईंनी विचारले.

"सरलं."

"आन् मी?"

"तुम्ही उभ्याच होत्या, काकू."

"मंग," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाफ्यात बसल्या.

चाळीस हा आकडा लहान होता. यातून काही सिद्ध होत नाही, हे समीक्षानेच सर्वांत आधी सांगितले असते. ध्वनिमुद्रणाखाली इंद्रभानचा निरोप होता. कंपनी काय ठरवेल ते त्याला ठाऊक नव्हते. त्याचे पुण्यातले साहेब अजूनही दुसऱ्या आवाजाच्या बाजूचे होते. त्याखाली आणखी एक ओळ होती, बहुधा घाईत लिहिलेली, इस्त्री न केलेली : 'पन सगळे चूप काऊन झाले, मले समजून नाही राह्यलं.'

त्याचे क्रियापद समीक्षाने दुरुस्त केले नाही. तिने उत्तर लिहिले : 'साहेबांना सांगा, आवाज हाच राहील. पडद्याचं कापड मी चिखलीहून आजच आणून राह्यली.'

फोन खिशात घालून ती टोपली उचलू लागली, तर अन्नपूर्णाबाईंनी तिचा हात बाजूला केला.

"ठेव ते. आधी च्या पे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तशीच पळाली."