खोळ उतरली त्या साली

गितू बोलायला उशीर करतेय हे आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक होतं, कारण तिच्या आजीने, म्हणजे काशीमावशीने, ते कुणापासून लपवलं नव्हतं. तिचा मुलगा कुंदन आणि सून प्रिया यांची ही एकुलती एक पोर, दोन वर्षं उलटून गेलेली. आजी, पानी, मासा आणि मांजरीला मनी, एवढंच तिचं भांडवल. माझी भिंत काशीच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे नातीच्या तोंडून पाचवा शब्द निघावा म्हणून ही बाई कशी देव पाण्यात घालून बसली होती, ते मी रोज पाहत होते.

करावे गावात खाडीकडच्या टोकाला आमची आळी. तिथे तेजश्री भाड्याने राहायला आली ती खताच्या खड्ड्याची कल्पना घेऊन. मुलगी मूळची साताऱ्याकडची, वडील मार्केटात माथाडी, ही महापेच्या एका प्रयोगशाळेत. तिचं म्हणणं साधं होतं. देवीचं निर्माल्य, भाजीची देठं, मासळी साफ केल्यावर उरतं ते, सगळं एका खड्ड्यात कुजवायचं. खत गच्चीवर न्यायचं, भाजी पिकवायची, खायची आणि देठं परत खड्ड्यात. "वाया काहीच जात नाही, सगळं फिरून येतं," असं ती म्हणायची. आमची शेतं कधीच शहराच्या पोटात गेली. गच्चीवर का होईना, माती परत मिळाली म्हणून माणसं हरखली. खोल्या भाड्याने देऊन दिवसभर कॅरम कुटणारा कुंदन तर खड्ड्याचा कारभारीच झाला. तेजश्रीने आमच्याकडून एकच शपथ घेतली होती. खाडीत काही म्हणजे काही टाकायचं नाही, हाराचा दोरासुद्धा नाही.

आता आमच्या देवीचं सांगते. पिंपळाखालचा तांदळा आहे तो, बिनघडणीचा नुसता दगड. वर्षानुवर्षं शेंदूर चढवून त्याच्यावर हाताएवढा जाड थर साचतो आणि पिढीतून एकदा तो आपसूक सुटून पडतो. देवीने खोळ उतरवली, असं आम्ही म्हणतो. ती खोळ वाजतगाजत होडीतून नेऊन खाडीत सोडायची आणि तो मान काशीच्या घराचा. गेल्या साली नवरात्र उलटलं आणि खोळ सुटली, पण होडी काही निघाली नाही.

"खाडीत आता गटाराचं पानी हाय," काशी म्हणाली. "त्यात आईला नाय सोडनार मी. आनि त्या पोरीला शबूद दिलाय. खड्ड्यात फुलांशेजारी ठेवते."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. काशीने अंघोळ केली, नवं लुगडं नेसलं, खोळ उखळात बारीक कुटली आणि स्वतःच्या हाताने खड्ड्यात पसरली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. इतकं मन लावून केलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

शिमग्याला खत तयार झालं. पहिली पाटी मानाने काशीच्या गच्चीवर गेली. त्यातली चिमूटभर माती ती रोज सकाळी अंगारा म्हणून गितूच्या जिभेवर ठेवू लागली. "आईची माती हाय, बाय. जीब सुटेल." गितूलाही सवय लागली. अंघोळ झाली की आजीपुढे उभी राहून डोळे मिटायची आणि आ करायची. आम्ही हसायचो.

मग पोरीचं पोट दुखायला लागलं. जेवण सुटलं, चेहरा पांढरा पडला. जंताचं औषध झालं, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या. मासा हा शब्द गेला, मग पानी गेला. मनी समोरून गेली तरी गितू नुसती बघायची. काशी घाबरली आणि अंगारा दोन वेळा द्यायला लागली. शेवटी आजी हा शब्दही गेला.

मोठ्या दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा त्यात शिसं निघालं. घरात जुन्या बॅटऱ्या फोडता का, रंगाचं काम आहे का, असं डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. कुंदन नाही नाही म्हणत राहिला. तेजश्रीला कळलं तशी ती गच्चीवरची माती घेऊन गेली आणि काही दिवसांनी परत आली. ओटीवर आम्ही सगळे होतो.

"कुंदनदादा, शिसं मातीत आहे. भयंकर आहे," ती म्हणाली. "मी प्रत्येक वेळी खत तपासलं, पण शिशासाठी नाही. फुलांत शिसं कुठून येणार, असं वाटलं मला." तिने पांढऱ्या कागदावर थोडी माती पसरली. "हे लाल कण कसले?"

"ती आपली देवी हाय," काशी म्हणाली. आवाजात अभिमान होता. "मीच कुटून घातली."

तेजश्रीने कागद मिटून घेतला. "आजी, जुना शेंदूर म्हणजे शिसंच असतं."

"मंग आमी जल्मभर लावला तो?"

"देवीला लावलात. खाल्ला नाहीत."

काशीने आपल्या उजव्या हाताची बोटं पाहिली. "मी तिला चारला," ती म्हणाली. "रोज."

प्रिया उठली, तिने गितूला उचललं आणि आत जाऊन कडी घातली. कुंदन आईवर ओरडला असता तर बरं झालं असतं, पण तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. तेजश्री रडायला लागली. "चूक माझी आहे. खड्ड्यात काय काय जातं ते मी विचारायला हवं होतं."

"इचारलं असतंस तरी मी फुलंच सांगितली असती," काशी म्हणाली. "आईला कोन कचरा म्हनंल?"

दुसऱ्या दिवसापासून काशी दारोदार फिरली. माती काढा, पोरांचं रक्त तपासा, मी खोळ घातली, असं तिने प्रत्येक उंबऱ्यावर सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींनी देवीचा कोप म्हणून तिच्या तोंडावर दार लावलं, त्यांचा मला अजून संताप येतो. सगळ्या गच्च्यांवरची माती निळ्या पिंपांत भरून खड्ड्याशेजारी ठेवली आहे. ती कुठे न्यायची हे कुणी सांगत नाही. तेजश्री सरकारी कचेऱ्यांत खेटे घालतेय. सगळं फिरून येतं म्हणणारी मुलगी आता म्हणते, ही माती फिरून कुठेच येता कामा नये.

गितूला औषध चालू आहे. रक्तातलं उतरतंय, पण शब्द परत येतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. प्रिया काशीशी बोलत नाही. काशी देवीकडे जात नाही.

पोरीला मात्र यातलं काही कळत नाही. सकाळी अंघोळ झाली की ती अजून आजीपुढे येऊन उभी राहते, डोळे मिटते आणि आ करते. काशी दोन्ही हात पदराखाली धरून बसून राहते.