चिमणीवरचे दाणे

बाबांनी उभा जन्म फोटो स्टुडिओत काढला होता. आता परसातल्या नळावर बसलेल्या चिमणीचा त्यांनी पहाटेच्या अंधुक उजेडात फोटो काढला आणि साहजिकच फोटोभर दाणे, म्हणजे बारीक ठिपके, आले. लेकीने कॉम्प्युटरवर ते आधी निम्मे घालवले, मग सगळेच. चिमणी पार मेणाची दिसू लागली, तरी बाबांचं पालुपद संपेना.

"अगं, वाळू सांडल्यासारखी दिसतेय. पुन्हा कर."

"आता काय पिसंही पुसू?" ती करवादली.

तेवढ्यात चिमणी पुन्हा नळावर आली, भर दुपारी, लख्ख उन्हात. बाबा खिडकीशी गेले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"हिच्यावरही दाणे आहेत गं," ते हळूच म्हणाले.

लेकीने माऊस सोडला आणि ती बाबांच्या डोळ्यांत निरखून पाहू लागली.