ब्लाइथला गारा पडताहेत

नवं वर्ष लागलं की डेरेक थर्लवेल टीव्ही कंपनीला फोन करायचा आणि धमकी द्यायचा. "फार महाग पडतं तुमचं. बंद करून टाका." मग पलीकडची मुलगी हळहळायची, वरिष्ठांशी बोलते म्हणायची, आणि त्याच सगळ्या वाहिन्या निम्म्या दरात पदरात पडायच्या. ब्लाइथ गावातल्या त्यांच्या गल्लीत सगळेच हे नाटक करायचे आणि नंतर क्लबात बसून कोणी किती ताणलं याच्या बढाया मारायचे. डेरेक त्यात मुरलेला होता.

यंदा मात्र पलीकडची मुलगी म्हणाली, "बरं. बंद करते."

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद, सर. आणखी काही मदत हवी होती का?"

डेरेकनं सवयीनं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ तो फोनकडे बघत बसला. आपण नक्की काय केलं हे त्याला कळेना. बायकोनं, बेरिलनं, स्वयंपाकघरातून विचारलं, "कितीला तोडलं?" तेव्हा तो ऐटीत म्हणाला, "सोडूनच दिलं. आता फुकटचं बघायचं."

बाहेरच्या भिंतीवर टीव्हीची ताटली, म्हणजे डिश, होतीच. डेरेकनं बाजारातून फुकट वाहिन्यांचा डबा आणला. एकदा पैसे मोजले की महिन्याची कटकट नाही. डबा जोडला, पडदा निळा झाला आणि त्यानं एकच प्रश्न विचारला: तुमचा पिनकोड? डेरेकनं लग्न झाल्यापासून प्रत्येक पाकिटावर, प्रत्येक अर्जावर लिहिला होता तोच पिनकोड टाकला. ब्लाइथचा. डब्यानं धन्यवाद म्हटलं आणि वाहिन्या शोधायला लागला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. डेरेक आणि बेरिल त्या वेळी ब्लाइथला नव्हतेच. ब्लाइथ राहिलं देशाच्या वरच्या टोकाला. तिथलं घर विकून ही दोघं गेल्या ऑक्टोबरात पार खाली सिडमथला, मुलीजवळ, भाड्यानं राहायला आली होती. सगळ्या भागांच्या बातम्या आकाशातून सगळ्या देशावर पडतच असतात. त्यातल्या कुठल्या भागाच्या दाखवायच्या हे डबा पिनकोडवरून ठरवतो. डब्याला काय, तुम्ही जिथले म्हणाल तिथले तुम्ही. डेरेकला आपली चूक कळली नाही. पिनकोड कशाला विचारला हेच मुळात त्याला कळलं नव्हतं.

सिडमथला यायची कल्पना डेरेकची. मुलगी लॉरेन तिथं चष्म्याच्या दुकानात होती, एकटी होती, आणि आईवडील लांब म्हणून सतत काळजी करायची. हवाही चांगली होती. बेरिल आली, पण मनानं नाही. सामान उतरवायच्या दिवशीच तिनं सांगितलं होतं, "इस्टरपर्यंत बघते. नाही जमलं तर मी थेल्माकडे जाते. तू यायचं तर ये." थेल्मा म्हणजे ब्लाइथची तिची बहीण. बेरिल धमक्या देणाऱ्यातली नव्हती. त्यामुळे ते वाक्य डेरेक विसरला नव्हता. नोव्हेंबर-डिसेंबर बेरिल घरात नुसती बसून होती. शेजारणींनी चहाला बोलावलं की हिचं डोकं दुखायचं.

आणि जानेवारीत तिच्यात फरक पडला. ती गुणगुणायला लागली. ब्लाइथकडचं मटारडाळीचं पुडिंग शिजवायला लागली, केस करून आली. डेरेकला वाटलं, मानवली हवा. मार्च संपता संपता लॉरेनच्या घरामागचा एक बंगला विकायला निघाला. म्हातारा मालक म्हणाला, तिसऱ्या शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगा. डेरेक हो म्हणायच्याच बेतात होता.

पण त्याच सुमाराला बेरिल काहीच्या बाही बोलायला लागली.

लॉरेन दुकानातून उशिरा सुटायची, म्हणून संध्याकाळी तिचा कुत्रा मंगो याला फिरवून आणायचं काम डेरेककडे होतं. एकदा तो परत आला आणि चहाला बसला, तशी बेरिल म्हणाली, "उद्या सकाळी जाड कोट घाल. गारा पडणार आहेत." बाई एवढ्या खात्रीनं सांगते म्हणून सकाळी डेरेकनं कोट, मफलर, कानटोपी असा जामानिमा केला. बाहेर लख्ख ऊन. समुद्राकाठच्या बाकांवर बायका बाह्या वर सारून आइस्क्रीम खात होत्या. त्यातली एक म्हणाली, "आजोबा, बरं नाही का वाटत?" डेरेक घामाघूम होऊन घरी आला.

"गारा कुठायत?" त्यानं विचारलं.

"पडल्या ना," बेरिल म्हणाली आणि बटाटे सोलत राहिली.

पुढच्या आठवड्यात म्हणाली, "नदीखालचा बोगदा रात्रीचा बंद ठेवणार आहेत. लोकांचे हाल आहेत बघ." सिडमथला नदी आहे, ती गुडघाभर. तिच्याखाली बोगदा करायला कोण जाईल? मग एक दिवस, "पोहण्याच्या तलावाचं छप्पर गळतंय, परत पैसे गोळा करताहेत." डेरेक मुद्दाम वाट वाकडी करून सिडमथचा तलाव बघून आला. छप्पर ठणठणीत होतं. त्यानं तिकीट विकणाऱ्या मुलीला विचारलंसुद्धा, आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

त्यानं लॉरेनच्या कानावर घातलं. लॉरेनचा चेहरा उतरला. "बाबा, आईला तारीख-वार विचारून बघा. पंतप्रधान कोण ते विचारा. विस्मरणाची शंका आली की डॉक्टर तेच विचारतात."

डेरेकनं जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "बेरिल, आपले पंतप्रधान कोण गं?"

"कशाला? त्यांना काही हवंय का आपल्याकडून?"

"तसं नाही. नाव सांग ना."

"कालचं सांगू की आजचं? वाटाणे घे."

यावरून काही ठरवता येईना. ती नेहमीही असंच बोलायची. लॉरेननं पुढच्या बुधवारची डॉक्टरांची वेळ घेतली आणि फोनवर हळू आवाजात म्हणाली, "असं काही असेल तर तुम्ही माझ्याजवळ असणंच बरं. बंगल्याला हो म्हणून टाका." डेरेकलाही ते पटलं. पटलं आणि भीतीही वाटली. एवढ्या वर्षांची बायको, टेबलापलीकडे बसून शांतपणे लोणी लावतेय, आणि ती कुठल्या जगात आहे याचा पत्ता नाही. त्या रात्री त्यानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "काय झालंय तुला? पित्त झालंय का?"

शुक्रवारी मंगोच्या पायात काच गेली, आणि डेरेक संध्याकाळी पहिल्यांदाच घरी राहिला. एरवी तो टीव्हीसमोर बसायचा तो दुपारी, जुने लढाईचे सिनेमे बघत, आणि त्यातच त्याचा डोळा लागायचा. साडेसहाला बेरिल चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसली. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं. मग टीव्ही लावला.

आपल्या भागाच्या बातम्या लागल्या, आणि पडद्यावर ब्लाइथचं बंदर आलं.

डेरेकला आधी वाटलं, काहीतरी मोठं झालं असणार म्हणून देशभर दाखवताहेत. पण नाही. बंदरावरच्या मासेवाल्याच्या दुकानाला पंचाहत्तर वर्षं झाली होती, एवढंच. तो मासेवाला डेरेकच्या ओळखीचा. त्यानंतर तिकडच्या नदीखालच्या बोगद्याची बातमी. मग हवामानवाला हसत हसत म्हणाला की, उद्या सकाळी किनाऱ्यावर पुन्हा गारा.

डेरेक उठला आणि खिडकीशी गेला. बाहेर सिडमथचे तांबडे कडे होते, संध्याकाळच्या उन्हात. तो परत टीव्हीकडे वळला. तिथं ब्लाइथ होतं. परत खिडकी.  म्हणजे बेरिलचं नाही, आपलंच डोकं फिरलंय. की दोघंही? एका घरात दोघांना एकदम होतं का हे? लॉरेनला विचारायला हवं होतं.

"बेरिल," तो खोल आवाजात म्हणाला, "आपण कुठं आहोत?"

बेरिलनं कप खाली ठेवला. आता तिच्या चेहऱ्यावर भीती उमटली. "सिडमथला, डेरेक. बस खाली. पाणी आणू?"

"मग हे काय चाललंय?"

"बातम्या."

"कुठल्या?"

"आपल्या," ती म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला सगळा प्रकार उमगला असावा, कारण ती हसायलाच लागली. "तूच नाही का जुना पिनकोड टाकलास. मी मागेच उभी होते."

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, मुद्दाम टाकलास. माझ्यासाठी." ती थांबली. "दुसऱ्या दिवशी कळलं, चुकून टाकलायस. पण तोवर मी एकदा ब्लाइथ बघितलं होतं ना."

डेरेक तिच्याशेजारी बसला. डोक्यात सगळ्या गोष्टी आपापल्या जागी जात होत्या, आणि जागेवर गेल्यावर जास्तच बोचत होत्या. "मग मला गारा पडणार म्हणून कशाला सांगायचीस? मी उन्हात कोट घालून हिंडलो."

"कोटाचं उगाच तोंडातून गेलं. सवयीनं. नंतर मलाच कसंतरी वाटलं, पण सांगितलं असतं तर तू लगेच दुरुस्त केलं असतंस." ती पडद्याकडे बघत होती. "ब्लाइथला गारा पडताहेत, हे घरात कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. तूच होतास."

"मला वाटलं, तू रुळलीस इथं."

"मलाही वाटलं. मग लक्षात आलं, सकाळी उठल्यापासून मी साडेसहा वाजायची वाट बघते."

 डेरेक मुळात वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला गोष्टी उशिरा कळायच्या. जानेवारीपासून ज्या बाईला सुखी बघून तो सुखी होता, ती इथं सुखी नव्हतीच. दिवसातून अर्धा तास ती तिकडे जाऊन यायची.

"घर तर विकून बसलो आपण," तो शेवटी म्हणाला.

"घर विकलंस," बेरिल म्हणाली. "गाव नाही विकलंस."

शनिवारी सकाळी लॉरेन आली. आईला काही झालेलं नाही हे फोनवर ऐकल्यावर ती आधी रडली होती आणि मग हसत सुटली होती. आल्या आल्या तिनं रिमोट उचलला. "बाबा, तुमची कमालच आहे. द्या, मिनिटाचं काम आहे, इथला पिनकोड टाकते."

बेरिल स्वयंपाकघरात निघून गेली. डेरेकनं तिची पाठ बघितली.

"लॉरेन, ठेव तो रिमोट."

"अहो, पण चुकीचं आहे ते."

"असू दे. आणि बंगलेवाल्याला नाही म्हणून सांग. आम्ही परत जातोय. आधी थेल्माकडे, मग बघू एखादी खोली."

लॉरेन रिमोट हातात धरून तशीच उभी राहिली. पन्नाशीची बाई, पण त्या क्षणी तिचा चेहरा शाळेच्या फाटकाशी सोडून दिलेल्या पोरीसारखा झाला. "आणि मी?" ती म्हणाली. "माझ्यासाठी आला होतात ना तुम्ही?"

 एकीकडे बघावं तर दुसरीकडे पाठ होते, असं डेरेकला झालं. इतका गोंधळ त्याचा डब्यानंही केला नव्हता.

बेरिल दारात आली. टॉवेलाला हात पुसत होती आणि ते कधीच कोरडे झाले होते. "तुझ्यावर रागावून नाही गं जात."

"माहितीये, आई. पण तिकडच्या बातम्यांत मी कुठं दिसणार तुला?"

बेरिल तिच्याजवळ गेली, तिच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते, ते तिनं पुसले नाहीत. "तिकडं डबा लावला की तुझा पिनकोड टाकायचा," ती म्हणाली. "मी ठरवलंय. रोज साडेसहाला तुझं हवामान बघीन. पाऊस असला की फोन करीन, छत्री घे म्हणून."

लॉरेननं मान हलवली आणि आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

 डेरेकला अजून एक गोष्ट कळत नव्हती.

"मग ब्लाइथला गारा पडल्या," त्यानं विचारलं, "तर आपल्याला कळणार कसं?"

"खिडकीतून बघ," बेरिल म्हणाली.