निशांतच्या लॅपटॉपमधली रॅम

सुमीतने लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि यामिनीने तो झाकणावरच्या कवटीच्या स्टिकरवरून लगेच ओळखला. निशांतचा.

"खेळताना लय गरम होऊन राह्यला," सुमीत म्हणाला. "पंखे साफ करून नवी पेस्ट लावून दे. उद्या वर्ध्याले फायनल हाय. सकाळी जाता जाता घेऊन जाईन."

"तू हा माह्याकडे आणला, निशांतले मालूम हाय?"

"नाई. सांगतलं असतं तं देला नसता त्यानं. पन मले तुह्यावर भरोसा हाय."

तिघंही हिंगणघाटच्या एकाच कॉलेजातली, आधी एकाच गेमिंग टीममधलीही. गेल्या वर्षी यामिनी कप्तान होती. फायनलच्या आधी निशांत तिचा लॅपटॉप "साफ करून देतो" म्हणून घरी घेऊन गेला होता. फायनलमध्ये तिचा गेम सारखा अडकला. समोरचा दिसायचा, पण तिची गोळी सुटेपर्यंत तिचाच खेळाडू पडलेला असायचा. टीम हरली, तिला टीममधून काढलं, निशांत कप्तान झाला. घरी येऊन तिने लॅपटॉप खोलला, तर शिकवण्या घेऊन विकत घेतलेल्या तिच्या दोन्ही रॅम गायब! त्यांच्या जागी एकच, जुनी, कमी क्षमतेची. तिने जाब विचारला तेव्हा निशांत सगळ्यांसमोर हसला होता. "हरली तं आता बहाणे सांगून राह्यली."

त्यानंतर तिने बंडूजींच्या दुरुस्तीच्या दुकानात काम धरलं. ती जुनी रॅम तिने फेकली नव्हती.

आता तिने निशांतच्या लॅपटॉपचे स्क्रू काढले. आत तिच्याच दोन रॅम होत्या. बसवताना तिच्या नखाने एकीचं लेबल फाटलं होतं, ते तसंच होतं. तिने दोन्ही काढून घेतल्या आणि त्याची जुनी त्याला परत लावली. मग पंख्यांतली धूळ ब्रशने झाडली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट प्रोसेसरवर नीट पसरली. लॅपटॉप थंड राहावा, कुणाला तिच्या कामात खोट काढता येऊ नये, याची तिने मन लावून काळजी घेतली.

दुसऱ्या दिवशी ती वर्ध्याच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसली. मोठ्या पडद्यावर निशांतचा खेळाडू दरवाजातच थिजला आणि मेला. पुन्हा थिजला, पुन्हा मेला.

"अबे, काय होऊन राह्यलं हे!" निशांतने टेबलावर मूठ आपटली. लोक हसले. यामिनीला ते हसणं थंडगार सरबतासारखं वाटलं. मग निशांतच्या शेजारी बसलेल्या सुमीतने हेडफोन काढून तोंड ओंजळीत झाकलं, आणि तिने नजर वळवली.

सोमवारी निशांत आणि सुमीत दुकानात आले.

"माही रॅम काढली तुनं!" निशांत ओरडला.

बंडूजींनी चष्मा वर केला. "काय झालं भाऊ? काय गेलं तुमचं?"

"तुही रॅम तं आतच हाय," यामिनी शांतपणे म्हणाली. "मी काढली ते कोनाची होती, सांग न बंडूजीले."

निशांतने काउंटरवरचा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. सुमीत त्याच्याकडे वळला.

"म्हंजे मांगच्या वर्षी यामिनी खरं बोलत होती?"

निशांतने लॅपटॉप बगलेत मारला आणि तो निघून गेला. त्याची पाठ वळणावर दिसेनाशी होईपर्यंत यामिनी बघत होती. असं बघायला मिळावं म्हणून ती वर्षभर थांबली होती.

सुमीत मात्र तिथंच उभा होता.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू त्याले सांगतलं असतं."

"नसतं सांगतलं," तो म्हणाला. "मी बी हारलो न, यामिनी." आणि तोही गेला.

संध्याकाळी तिने आपल्या रॅम आपल्या लॅपटॉपमध्ये बसवल्या. गेम लोण्यासारखा चालला. निशांतची तिला कीव आली नाही. सुमीतला फोन लावायला मात्र तिने दोनदा मोबाइल हातात घेतला, आणि दोन्ही वेळा पालथा ठेवून दिला.